डावीकडचा वाटा

दोन घरांमधल्या दगडी गडग्यातला तो एक चिरा सैल आहे, हे दोन्हीकडे मिळून दोघींनाच ठाऊक होतं.

सकाळी अबोलीला पाणी घालायच्या निमित्ताने प्रभावती परसात गेली. इकडे तिकडे बघून तिने चिरा ओढून काढला आणि नारळाच्या करवंटीत ठेवलेली पांढरी गोळी भोकाशी धरली. रोज ती सरकवायच्या आत पलीकडून हात यायचा, मनगटावर गोंदलेला. आज हात आला नाही. आला तो आवाज. ओल्या लाकडावर फुंकणी मारावी तसा.

"सगुणे, दम लागलाय तुला?"

"थंडी हाय बाय. जाईल."

"चार दिस ऐकतंय मी. वाढतोय तो."

"दमा काय आजचा हाय माझा?" सगुणा म्हणाली, पण एवढं बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. "गोळी टाक. आत्माराम उठंल."

हात आला, करवंटी रिकामी करून गेला. प्रभावतीने चिरा बसवला आणि पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून उभी राहिली. अबोलीला पाणी घालायचं राहूनच गेलं.

गडगा होऊन दोन पावसाळे झाले होते. प्रभावतीचा नवरा भिवा आणि सगुणाचा नवरा गंगाराम हे दोघे भाऊ जिवंत होते तोवर अंगण एकच होतं. मग गंगारामचा आत्माराम मुंबईची नोकरी सुटल्यावर गावी परतला आणि त्याने अंगणात पत्र्याची शेड घालायला घेतली. भिवाचा सुहास म्हणाला, आधी विचारायचं होतंस. आत्माराम म्हणाला, माझ्या बापाच्या अंगणात तुला कशाला विचारू? त्यापुढे दोघे जे काही बोलले ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. अख्खी बौद्धवाडी मध्ये पडली आणि तशीच उठली. आत्मारामने कमरेइतका नव्हे, डोक्याइतका गडगा घातला. तेव्हापासून विहारात पौर्णिमेच्या वंदनेला दोघे चुलतभाऊ दोन टोकांना बसत. सुहासने "जयभीम" म्हटलं तर आत्माराम छताकडे बघे. वाडीत जयभीमला जयभीम न परतवणारा माणूस त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

पण जावा जावाच राहिल्या. चाळीस वर्षं ज्यांनी एका विहिरीचं पाणी ओढलं, त्या चिऱ्यांना काय जुमानणार?

गडगा व्हायच्या जरा आधी, जयंतीच्या दिवशी, प्रभावतीच्या सुनेने विहारात सगळ्या म्हाताऱ्यांना रांगेत बसवून दंडाला पट्टा बांधला होता. दर्शना पेठेतल्या सरकारी दवाखान्यात नर्स. प्रभावती आणि सगुणा, दोघींचा रक्तदाब वर निघाला, आणि तोही जवळजवळ सारखाच. दर्शनाने दोघींनाही बजावलं, गुरुवारी दवाखान्यात या, त्या दिवशी टीव्हीवर मुंबईची डॉक्टरीण असते. प्रभावती गेली. सगुणाचं जाणं गडग्यात अडकलं. "तिथं त्यांचीच सून बसते," आत्माराम म्हणाला, "आपलं दुखणं त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवायचं नाय." सगुणा मुलापुढे बोलणारी नव्हती.

मग प्रभावतीने तिला सुचलं ते केलं. दुखणं सारखं, तर औषधही सारखंच. वाडीत बकरं पडो की दाभोळहून मासळीची टोपली येवो, सागाच्या पानांवर वाटे पडतात, पाठ फिरवून ज्याने त्याने आपला वाटा सांगायचा, आणि प्रत्येक घराला वाटा जातो. सगुणाच्या घराला वाटा न देता खाल्लेला घास प्रभावतीच्या आठवणीत एकही नव्हता. तिने गोळी अडकित्त्याने अर्धी केली. अर्धी आपल्याला, अर्धी भोकातून.

अर्ध्या गोळीने दाब उतरेना. टीव्हीवरच्या डॉक्टरीणबाईंनी जोडीला दुसरी गोळी दिली, पिवळी. प्रभावतीला हे सोयीचंच वाटलं. आता कापाकापी नको. तिने पांढऱ्यांचा एक वाटा घातला, पिवळ्यांचा एक, आणि भोकाशी तोंड नेऊन म्हणाली, "पाठ फिरव."

"मध्ये गडगा हाय. मला काय दिसतंय?"

"तरी फिरव. रीत ती रीत."

सगुणाने खरंच पाठ फिरवली असणार, कारण तिचा आवाज लांबून आला, "डावीकडला माझा."

डावीकडे पांढऱ्या होत्या. दोघी तेव्हा पोट धरून हसल्या होत्या, तोंडावर पदर धरून, दोन बाजूंना.

*

दर्शनाला गुरुवार आवडायचा आणि गुरुवारची धास्तीही वाटायची. आवडायचा, कारण छपरावरची ती भलीमोठी छत्री बसली तेव्हापासून वेळणेश्वरापर्यंतच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मुंबई गाठायची गरज उरली नव्हती. रात्रभर एसटीत अंग मोडून घ्यायचं आणि सकाळी मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायचं, त्याऐवजी इथे गारेगार खोलीत खुर्चीवर बसायचं. समोरच्या पडद्यावर डॉ. फरीदा दिसत. कागद पाहत, नाव घेऊन विचारत, गावाकडच्या मराठीत बोलत. धास्ती वाटायची ती माणसांची. कुणी पडद्याला हात जोडी, कुणी चप्पल बाहेर काढून येई. कॅमेरा पडद्याच्या डोक्यावर. त्यात बघितलं तर डॉक्टरीण दिसत नाही, आणि डॉक्टरणीकडे बघितलं तर डॉक्टरणीला वाटतं हे खाली का बघतात. शिवाय इथे बोललेलं तिथे पोचायला एक श्वास जायचा. ते ठाऊक नसलेले लोक उत्तर आलं नाही म्हणून तेच पुन्हा मोठ्याने सांगत.

आज सासूबाई पौर्णिमेची पांढरी साडी नेसून आल्या होत्या. पडद्यासमोर बसायचं तर ती साडी, हा त्यांचा नियम. सुहास शाळेची अर्धी रजा टाकून बरोबर आला होता.

"आज मी स्वतः बोलणार," तो दर्शनाला व्हरांड्यात म्हणाला. "आईला मुंबईला नेतोय. दाब उतरत नाही म्हणजे मूत्रपिंडात काहीतरी असणार. नाना तपासण्या असतात. टीव्हीवरून नाडी लागते होय?"

"नाडी मी बघते. टीव्हीवर फक्त बोलणं होतं."

"तेच म्हणतोय."

दर्शनाने हातातल्या रजिस्टरात सासूबाईंचं नाव लिहिलं. गंमत म्हणजे गेल्या दोन वर्षांत दोघा भावांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट होती. आत्मारामही वाडीत सांगत फिरे, की पडद्यावरच्या डॉक्टरणीपेक्षा पडद्यावरचं नाटक बरं. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही. शेड गेली उडत, पण या एका मुद्द्यावर दोघे भाऊ एकत्र आले तर तिची नोकरीच धोक्यात यायची.

एवढ्यात फाटकातून सहा आसनी रिक्षा आत शिरली ती थेट पायरीपर्यंत. आत्माराम उतरला. त्याच्या खांद्यावर सगुणाकाकी होती, ओठ निळसर, मान पुढे काढून हवा ओढत असलेली. दर्शनाला पाहून आत्माराम क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "डॉक्टर कुठायत?"

"आत आण," दर्शना म्हणाली, आणि तिने काकीचा दुसरा हात धरला. सुहासने तिसरीकडून आधार दिला, तेव्हा आत्मारामने तो ढकलला नाही. त्याला तेवढा वेळच नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लगेच वाफेचं मशीन लावलं. वाफ दिली, पुन्हा दिली. दम्याच्या माणसाचा श्वास एवढ्याने सैल पडायला हवा. काकीचा पडेना. डॉक्टर कपाळावर आठ्या घालून छातीला नळी लावत राहिले आणि मग म्हणाले, "सिस्टर, मुंबई जोडलेलीच आहे ना? खुर्ची पडद्यासमोर घ्या."

*

प्रभावती मागच्या बाकावर बसली होती. तिचा नंबर पहिला होता, तो गेला, त्याचं तिला काही नव्हतं. ती सगुणाची पाठ बघत होती. पाठ वर जायची आणि वरच राहायची.

पडद्यावर डॉ. फरीदांनी चष्मा चढवला. "दमा किती वर्षांचा?"

"लहानपणापासून," आत्माराम मोठ्याने म्हणाला, कॅमेऱ्याकडे न बघता आणि पडद्याकडेही न बघता.

एक श्वास गेला. "वाफेने फरक पडत नाही, हे मला बरोबर वाटत नाही. दुसरं काही औषध चालू आहे? कसलीही गोळी? ब्लडप्रेशरची, हृदयाची?"

"नाही. काही घेत नाही ती. दवाखान्यात पाऊलच टाकलं नाही कधी."

"मावशी, तुम्ही सांगा. गोळी घेता?"

सगुणाने मास्कच्या आतून मान हलवली. नाही. मान हलवताना तिने मागे पाहिलं नाही, आणि त्यानेच प्रभावतीला कळलं की ती आपल्याला सांभाळते आहे. आवंढा गिळायला श्वास नाही, आणि बाई जावेची लाज राखते आहे.

तेवढ्यात पडदा गोठला. डॉक्टरीणबाई तोंड अर्धवट उघडं ठेवून चित्रासारख्या स्तब्ध झाल्या. "लिंक गेली," दर्शना म्हणाली आणि फोनकडे धावली.

प्रभावती उठली. पदर सारखा केला आणि खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. पडदा गोठलेला होता, तरी ती पडद्याकडे बघूनच बोलली, कारण मुलाकडे किंवा पुतण्याकडे बघून ते बोलता आलं नसतं.

"ती घेते गोळी. माझीच घेते. मी देते."

कुणाला काही कळलं नाही.

"पांढरी गोळी. तुम्ही मला देता ती. गडग्यातनं देते मी तिला, रोज. पिवळी मी घेते."

"आई?" सुहास म्हणाला.

"पोरांनी गडगा घातला, पण आमच्या दोघींचं दुखणं एकच राहिलं."

आणि मग पडदा हलला. लिंक आली होती की आधीपासूनच आवाज जात होता, कुणास ठाऊक. डॉ. फरीदांचं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. "पांढरी म्हणजे सिस्टर, आपली ती? किती दिवस?"

"पिवळी सुरू झाल्यापासनं," प्रभावती म्हणाली. "आधी अर्धी द्यायची."

"आज सकाळी?"

"दिली."

पुढचं सगळं डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलून केलं. भराभर. दर्शनाने अर्धंच ऐकलं आणि तिला पूर्ण समजलं. ती गोळी दाबाला चांगली, पण दम्याच्या माणसाची श्वासनळी आवळते, आणि वाफेच्या औषधालाही नीट काम करू देत नाही. वाफेत दुसरं औषध घाला. इंजेक्शन द्या. ऑक्सिजन चालू ठेवा. ही गोळी आजपासून बंद. मी इथेच बसून आहे, लिंक तोडू नका.

*

आत्मारामला व्हरांड्यात आल्यावर राग आला. आत असताना आला नव्हता, तिथे भीतीला जागा लागत होती.

"मारायला निघाली होती तुझी आई माझ्या आईला," तो सुहासला म्हणाला. दोन वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

 सुहासचाही राग आईवरच होता. स्वतःची गोळी वाटून टाकायची, आणि इकडे आपण मूत्रपिंडाच्या काळजीने वाळतोय. वर दर्शनाला बोलून बसलो. तो भिंतीवरची पोलिओची जाहिरात वाचत राहिला.

"ऐकलंस काय?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय, आत्या?" सुहासच्या तोंडून लहानपणीचं नाव निघून गेलं. "माझ्या आईनं दिली, तुझ्या आईनं घेतली. मला सांगितलं नाय, तुला सांगितलं नाय. तू का नाय आणलीस काकीला इकडं? दर्शनानं जयंतीला सांगितलं होतं."

"तुझी बायको बसते इथं म्हणून."

म्हणून झाल्यावर ते वाक्य आत्मारामला स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. आतून वाफेच्या मशीनची गुणगुण येत होती. त्या मशीनशी वाकून त्याच्या आईचा मास्क धरून बसलेली होती ती तीच बायको. तो बाकावर बसला. बाक लहान होता, सुहासला सरकावं लागलं.

"गडग्यातनं कशी देत होती?" त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक? गडगा तू घातलास."

आत्मारामने विचार केला. परसाकडची बाजू. अबोली. तिथे एक चिरा नीट बसेना म्हणून त्याने तो तसाच ठेवला होता, उद्या बघू म्हणून. मग बघितलाच नाही. आपल्या आळसातून रोज सकाळी एक हात येत-जात होता, हे त्याला आता कळलं, आणि त्याचं काय करावं ते कळेना.

दर्शना दारात आली. चेहऱ्यावर घाम होता आणि केसांची एक बट सुटली होती. "या," ती दोघांनाही म्हणाली. "बोलतायत काकी. पहिलं काय बोलल्या ते ऐका."

सगुणा खुर्चीत रेलून होती. ओठांना रंग आला होता. मास्क एका हाताने बाजूला करून ती आत्मारामकडे बघत म्हणाली, "तिला काय बोलायचं नाय. मीच मागितल्या."

"खोटं," प्रभावती म्हणाली. ती जमिनीवर बसली होती, सगुणाच्या पायांशी, पौर्णिमेच्या साडीत. "हिनं मागितलं नाय कधी काय. मीठसुद्धा मागितलं नाय."

"मागितली गो एकदा."

"कधी?"

"डावीकडला माझा म्हटलं नव्हतं?"

प्रभावती हसली आणि रडली, कुठलं आधी ते तिलाही सांगता आलं नसतं. पडद्यावर डॉ. फरीदा एक श्वास उशिरा म्हणाल्या, "डावीकडचा म्हणजे?"

तेव्हा प्रभावतीने त्यांना सगळं सांगितलं. सागाचं पान, दोन वाटे, पाठ फिरवणं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"आमच्या दाभोळला म्हावऱ्याचे वाटे असेच घालतात," त्या म्हणाल्या. "माझी दादी घालायची. पाठ फिरवून उभं राहायचं काम माझं. मला नेहमी वाटायचं, मोठा वाटा आपल्यालाच यावा." मग त्या म्हणाल्या, "मावशी, चूक माझीही आहे. दाब उतरत नाही म्हणून मी औषध वाढवत गेले. गोळी पूर्ण घेता का, कोण कोण घेतं, हे एकदाही विचारलं नाही. गावाची असून."

"तुमी विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं," प्रभावती म्हणाली.

"ते पण खरं."

"आणि तुमी टीव्हीत नसता, तर हिची पाठ आज खाली आली नसती." प्रभावतीने हात जोडले. नेहमीसारखे पडद्याला नाहीत, या वेळी ती बरोबर कॅमेऱ्याकडे बघत होती. दर्शनाने तिला किती वेळा शिकवलं होतं, आज कुणी सांगितलं नव्हतं.

डॉ. फरीदांनी दोघींचे दोन कागद केले. सगुणाला वेगळी गोळी, दम्याला चालणारी. प्रभावतीला तिच्या दोन्ही, पूर्ण. मुंबईला न्यायची गरज नाही, आधी महिनाभर औषध खरोखर पोटात जाऊ दे, मग बघू. "सगळं वाटा," त्या म्हणाल्या. "मीठ कमी घातलेली आमटीसुद्धा वाटा. गोळी तेवढी आपापली."

संध्याकाळी दोन्ही घरं एकाच सहा आसनीतून परतली.  उतरताना सुहास दर्शनाला हळूच म्हणाला, "तुझा टीव्ही बरा आहे." तिला वाटलं, एवढ्यावर भागवायचं म्हणतो की काय. पण मग त्याने तिच्या खांद्यावरची जड पिशवी स्वतःकडे घेतली, आणि तिला ते पुरलं.

*

गडगा पडला नाही. वाडीतल्या लोकांना वाटलं होतं पडेल, आणि तसं विचारायलाही काही जण आले. आत्माराम म्हणाला, "बघू." शेडही तिथेच राहिली, आणि पौर्णिमेला दोघे भाऊ विहारात तरीही दोन टोकांनाच बसले. फक्त सुहासने जयभीम म्हटलं तेव्हा छताकडे न बघता आत्मारामने मान हलवली. तोंडातून शब्द निघाला की नाही यावर वाडीत दोन मतं होती.

सैल चिरा मात्र आता बसवला जात नसे. तो खाली अबोलीजवळ पडून असे, आणि सकाळी त्या भोकातून हात न येता नुसता आवाज येई.

"बाय, घेतलीस?"

"घेतली. तू?"

"घेतली."

प्रभावतीला सुरुवातीला पूर्ण गोळी एकटीने गिळताना कुणाच्या पानातलं उचलल्यासारखं वाटे. मग त्या हाकेची सवय झाली. एक हाक इकडून, एक तिकडून, असे वाटे पडू लागले. महिन्याने दर्शनाने पट्टा बांधला आणि पुन्हा बांधला, कारण तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दाब उतरला होता. दोघींचाही.

मग एका सकाळी हाक आली नाही.

प्रभावती भोकाशी गोळी हातात घेऊन उभी होती. तांब्या खाली ठेवलेला. गडग्यापलीकडे कोंबडी फडफडली, बाकी काही नाही. तिने "सगुणे" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मागे एकदा अशीच उभी होती ती, तेव्हा ओल्या लाकडावरच्या फुंकणीचा आवाज आला होता. आता तोही नव्हता. घरघर ऐकू आली असती तर बरं, असं तिला वाटलं. तिने गोळी तोंडात टाकली आणि पाणी घेतलं, काहीतरी करायला हवं म्हणून.

पलीकडे पावलं वाजली. बायकी नव्हती, जड होती. भोकापाशी थांबली. कुणीतरी खाकरलं.

"मोठी आई," आत्माराम म्हणाला. "आईचा घसा बसलाय. गरम पाणी पितेय. गोळी घेतलीन तिनं, मी बघितली." मग पावलं वळल्यासारखी वाजली. जाईल आता, असं प्रभावतीला वाटलं. तो गेला नाही.

"तू घेतलीस काय?"

दोन वर्षांनी त्याने तिला हाक मारली होती, आणि प्रभावतीच्या तोंडात गोळी आणि पाणी दोन्ही होतं. तिने आधी ते नीट गिळलं.